तलावाच्या पोटांतून वाट

गोंदिया जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणण्याची रूढि आहे, आणि ती रास्त आहे. गोंदियाहून अर्जुनी-मोरगांवच्या अंगास आगगाडीनें जाणाऱ्या प्रवाशानें पावसाळ्याच्या अखेरीस खिडकीबाहेर नजर टाकावी. धानाच्या बांध्या संपत नाहींत तोंच तलावाची पाळ दिसते; पाळ मागें पडते न पडते तोंच पुन्हां बांध्या लागतात; मध्येंच एखादी बोडी, तिच्या कांठीं बगळे, आणि पलीकडे जंगलाची निळी रेघ. ही शोभा पाहून कोणास आनंद होणार नाहीं? परंतु आज आम्ही शोभेविषयीं लिहिण्यास बसलों नाहीं. त्या पाळींवरून व त्या तलावांच्या पोटांतून नव्या इमारतींकडे रस्ते नेण्याचा जो उद्योग हल्लीं ठिकठिकाणीं दिसतो, व त्यापायीं गांवांत जे तंटे उभे राहतात, त्यांविषयीं आमचें मत वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

अशा तंट्याचें मूळ बहुधा एकाच प्रकारचें असतें. तलावाच्या वरच्या अंगास, पाण्यापासून थोड्या उंचीवर, कोणा शेतकऱ्याची कोरडवाहू जमीन असते. ती विकली जाते. घेणारा ती अकृषिक करून घेतो, तिचे भूखंड पाडतो, किंवा तलावाचा देखावा दाखविणारें विश्रामगृह उठवितो. येथपर्यंत कोणाचीच तक्रार नसते. जमीन त्याची, पैसाही त्याचा. पण इमारतीस रस्ता लागतो. जुनी गाडीवाट गांवास वळसा घालून येते, आणि तलावाच्या कांठावरून पाहिलें तर डांबरी सडक हाकेच्या अंतरावर दिसत असते. मग एका उन्हाळ्यांत, तलाव आटला असतां, मुरमाचे टिप्पर येऊन तलावाच्या उथळ भागांत रिकामे होऊं लागतात. कोणी हटकलें तर उत्तर मिळतें कीं, येथें पाणी आहेच कोठें? पावसाळा लागतो, आणि भरावाच्या एका बाजूस तलाव व दुसऱ्या बाजूस डबकें असें होऊन बसतें. दुसऱ्या वर्षीं त्यावर गिट्टी पडते, तिसऱ्या वर्षीं विजेचे खांब उभे राहतात, व चौथ्या वर्षीं तोच रस्ता 'पूर्वापार वहिवाटीचा' म्हणून कागदावर येऊं पाहतो. इमारत कोरड्या जमिनीवर असल्यामुळें ती निर्दोष दिसते. सगळा अपराध तिच्या वाटेनें केलेला असतो. म्हणून आमचें म्हणणें असें आहे कीं, तलावाकांठच्या बांधकामाचा विचार करतांना इमारत कोठें आहे हें विचारण्यापूर्वीं तिच्याकडे जाणारी वाट कोठून येते, हें विचारलें पाहिजे.

ही गोष्ट नीट कळण्यास आमच्या तलावांची घडण ठाऊक असणें अवश्य आहे. तलावाचें पोट सर्वत्र सारखें खोल नसतें. पाळीशीं तें खोल असतें, आणि ज्या बाजूनें पाण्याचा येवा असतो त्या वरच्या अंगास तें पसरट व उथळ असतें. शहरांतून आलेल्या माणसास ही उथळ जागा वायां गेलेली पडीक जमीन वाटते. वस्तुतः तलावाचा जीव तेथेंच असतो. गवत, देवधान व कमळें तेथें रुजतात. मासे अंडीं घालण्यास तेथेंच चढतात. पाणी ओसरलें म्हणजे गुरें तेथें चरतात. आणि वरून वाहत आलेलें पाणी तेथें मंद होऊन आपला गाळ खालीं ठेवितें. त्या जागेंत आडवा भराव घातला म्हणजे तलाव तेवढा लहान होतो हें तर उघडच आहे. पण त्याहून मोठें नुकसान येव्याची वाट अडल्यामुळें होतें. वरच्या बांध्या तुंबतात आणि खालच्या सुकतात. आमच्याकडील पुष्कळ तलाव साखळीसारखे एकमेकांस जोडलेले आहेत. वरचा भरला कीं त्याच्या सांडव्याचें पाणी पाटानें खालच्या तलावांत उतरतें. तेव्हां एका गांवाच्या वरच्या कांठास टाकलेल्या मुरमाची झळ दोन गांवें पलीकडे, ऐन रोवणीच्या दिवसांत लागते, व तेथील शेतकऱ्यास आपलें पाणी कोणीं अडविलें याचा पत्ताही नसतो. तो पावसास दोष देऊन मोकळा होतो.

हे तलाव निसर्गानें दिलेले नव्हेत, माणसांनीं बांधलेले आहेत, हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे. कारण पुढें कायद्याच्या ज्या घोटाळ्याविषयीं आम्ही लिहिणार आहों त्याचें मूळ याच गोष्टींत आहे. गोंड राजांच्या काळीं, जो कोणी जंगल तोडून तलाव बांधील त्यास तलावाखालीं भिजणारी जमीन द्यावयाची, अशी चाल होती असें परंपरा सांगते. या कामांत कोहळी समाजाच्या लोकांनीं जें कौशल्य दाखविलें त्याचा उल्लेख रसेल व हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्यप्रांतांतील जातीजमातींवरील इंग्रजी ग्रंथांतही आहे. नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधला, व लोकांनीं मागाहून त्यास कोलासुर म्हणून देव्हाऱ्यांत बसविलें. तलाव बांधणाऱ्या माणसास देव करणारा हा मुलुख. आणि तोच आज तलावांत मुरूम पडतांना पाहूनही गप्प बसतो!

इंग्रजी अमलांत मालगुजारी पद्धति आली व तलाव मालगुजारांच्या नांवें लागले. पाळीवर माती टाकणें, पाणी सोडण्याची मोरी नीट ठेवणें, गाळ काढणें हीं कामें गांवकऱ्यांच्या अंगमेहनतीनें होत. (हें सारें राजीखुशीनें होत असे, असें मात्र कोणी समजूं नये, वेठ ती वेठच.) पुढें मालगुजारी नष्ट करणारा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलांत आला आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हांपासून ते 'माजी मालगुजारी', व बोलण्याच्या ओघांत 'मामा' तलाव झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून त्यांची संख्या सुमारें सात हजार आहे. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, मासेमारी सहकारी संस्थांकडे, आणि निस्तार गांवाकडे, अशी त्यांची वांटणी झाली. मामा पुष्कळ झाले, पण भाच्याचें दुखणें कोणीं पाहावयाचें हें ठरलें नाहीं. एखाद्या भरावाविषयीं तक्रार घेऊन गेलेल्या माणसास प्रत्येक कचेरी पुढच्या कचेरीचा दरवाजा दाखविते, आणि तोंवर टिप्परांच्या आणखी दहा खेपा होऊन जातात.

आतां कायद्याकडे वळूं. पाणथळ जागांच्या रक्षणाविषयींचें जागतिक करारपत्र २ फेब्रुवारी १९७१ रोजीं इराणांतील रामसर या गांवीं झालें. महाराष्ट्रांत नांदूर-मधमेश्वर, लोणार व ठाण्याची खाडी यांस त्या यादींत स्थान मिळालें आहे. आमच्या पूर्व विदर्भांतील एकाही तलावास तें मिळालेलें नाहीं. केंद्र सरकारनें पाणथळ जागांसंबंधीं प्रथम २०१० सालीं व नंतर सप्टेंबर २०१७ मध्यें नियम केले. २०१७ च्या नियमांत पाणथळ जागेंत अतिक्रमण करणें, तिचा इतर कामासाठीं उपयोग करणें, तेथें कचरा टाकणें, आणि गेल्या दहा वर्षांतील सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरांच्या आंत होडीच्या धक्क्याखेरीज कायमचें बांधकाम करणें, हें सर्व मना आहे. वाचकांस वाटेल, मग अडचण ती कोणती? अडचण व्याख्येंत आहे. पाणथळ जागा म्हणजे काय हें सांगतांना त्याच नियमांनीं नदीचें पात्र वगळलें, भातखाचरें वगळलीं, आणि पिण्याच्या पाण्यासाठीं किंवा सिंचनासाठीं माणसानें मुद्दाम बांधलेले तलावही वगळले. म्हणजे गोंदिया जिल्ह्यांतील जें जें ओलें, तें तें बहुतेक सगळें व्याख्येच्या बाहेर! धानाची बांधी पाणथळ नव्हे, मामा तलाव पाणथळ नव्हे. मग त्यांच्यामधून जाणाऱ्या टिप्परास अडविणार कोण?

हा केवळ आमचा शब्दच्छल आहे असें कोणास वाटत असल्यास त्यानें नागपूरच्या फुटाळा तलावाचें प्रकरण पाहावें. भोंसल्यांच्या राजवटींत बांधलेल्या त्या तलावांत कारंजीं, प्रेक्षकांसाठीं सज्जा व तरंगतें उपाहारगृह करण्याचा घाट घातला गेला. तेथील एका संस्थेनें त्याविरुद्ध प्रथम उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे व नंतर सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. ऑक्टोबर २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, फुटाळा हा मानवनिर्मित जलाशय असल्यामुळें २०१७ च्या नियमांच्या अर्थानें ती पाणथळ जागा ठरत नाहीं. हा निकाल ऐकून आमच्यांतील कित्येकांचीं तोंडें उतरलीं. परंतु त्याच निकालाचा दुसरा भाग वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत फारसा आला नाहीं, आणि आमच्या जिल्ह्यास उपयोगी आहे तो हा दुसराच भाग. न्यायालयानें असें म्हटलें आहे कीं, नैसर्गिक संपत्ति सरकारनें जनतेची ठेव म्हणून सांभाळावयाची, हें तत्त्व मानवनिर्मित जलाशयांसही लागू आहे. ठेव म्हटलें कीं ती ठेवणारा आला, सांभाळणारा आला, आणि हिशेब मागण्याचा अधिकारही आला. कोलू पाटलाच्या पिढीनें जें मागें ठेविलें त्यास ठेव याहून चांगला शब्द आम्हांस तरी सुचत नाहीं.

भातखाचर वगळण्याचा दुष्परिणाम सर्वांत अधिक कोणास भोगावा लागत असेल तर तो सारसास. उभा असतां जवळजवळ माणसाएवढा उंच, उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच, जोडीनें राहणारा हा पक्षी महाराष्ट्रांत आतां मुख्यत्वें गोंदिया जिल्ह्यांतच उरला आहे. शेजारच्या भंडारा व चंद्रपूर जिल्ह्यांत एखाददुसरा दिसला तर दिसतो. परसवाडा व झिलमिली येथील तलावांच्या बाजूस त्याचें दर्शन होतें. दरवर्षीं स्वयंसेवक त्याची गणना करतात, आणि अलीकडे ती संख्या चाळिसाच्या वर जाईनाशी झाली आहे. तो झाडावर घरटें करीत नाहीं. धानाच्या बांधींत किंवा तलावाच्या उथळ पाण्यांत गवताचा ढीग रचून त्यावर बहुधा दोन अंडीं घालतो. म्हणजे ज्या दोन जागा नियमांनीं वगळल्या, नेमक्या त्याच त्यानें घरासाठीं निवडल्या! रस्त्यानें सारसाचें एकदांच नुकसान होत नाहीं. प्रथम भरावानें घरट्याची जागा जाते. मग रस्त्याच्या कडेनें विजेच्या तारा येतात. आणि पहांटे तलावावरून बांधीकडे झेंप घेणारा एवढा मोठा पक्षी त्या तारांत सांपडतो. तारांमुळें सारस मेल्याच्या घटना या जिल्ह्यांत घडल्या आहेत. २०२१ सालीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें सारसांच्या घटत्या संख्येची आपण होऊन दखल घेतली, व तेव्हांपासून तारा, तलाव आणि अतिक्रमणें या सर्वांविषयीं सरकारी खात्यांस तेथें उत्तरें द्यावीं लागत आहेत. पक्ष्यासाठीं न्यायालयाचा दरवाजा उघडला, ही गोष्ट चांगली झाली. पण त्या पक्ष्याच्या शेजारीं जाळें टाकणाऱ्या ढिवराचें काय? तलावावर ज्याचें पोट सर्वांत अधिक अवलंबून, त्या ढिवर समाजांतील बहुतेकांच्या नांवें जमिनीचा तुकडाही नसतो. भरावानें मासा कमी झाला म्हणून त्याचें कोठें कांहीं नोंदलें जात नाहीं. पंचनाम्यांत रस्त्याची लांबी-रुंदी येते. त्याच्या जाळ्यांत न आलेली मरळ येत नाहीं.

येथें आमच्या विरुद्ध पक्षाचें म्हणणेंही मोकळ्या मनानें ऐकलें पाहिजे. तो पक्ष म्हणतो: तुम्ही शाळेच्या ओसरीवर बसून सारसाचीं गाणीं गाल, पण ज्याच्या घरास रस्ता नाहीं त्यानें काय करावें? पावसाळ्यांत आजारी माणसास खाटेवर घालून चिखलांतून न्यावें लागतें, मुलांची शाळा बुडते, धान बाजारांत वेळेवर पोंचत नाहीं. हें म्हणणें खोटें नाहीं. आमच्याच कित्येक विद्यार्थ्यांचीं गांवें अशीं आहेत, आणि आषाढ-श्रावणांत त्यांचे वर्गांतील बांक रिकामे दिसतात, तेव्हां आम्हांस वाईट वाटतें. ज्या वस्तीस दुसरी वाटच नाहीं तिला सरकारनें रस्ता दिला पाहिजे. पाण्याचा ओघ ओलांडावा लागला तर पुरेशा मोऱ्या ठेवून, पाट मोकळा राखून, व शक्य तों तलावाच्या बाहेरून दिला पाहिजे. आणि त्याचा खर्च अधिक येतो म्हणून तो टाळतां कामा नये. परंतु वस्तीचा रस्ता आणि विश्रामगृहाचा रस्ता यांस एकाच तागडींत घालणें आम्हांस मान्य नाहीं. कुडाच्या घरांतील बाळंतिणीचें नांव पुढें करून मोटारगाड्यांसाठीं तलाव बुजवावयाचा, ही युक्ति आतां जुनी झाली आहे. ज्यानें वाट नसलेला भूखंड वाट नाहीं म्हणूनच स्वस्तांत घेतला, त्यानें वाट नसलेलाच भूखंड घेतला आहे. ती उणीव गांवाच्या तलावांतून भरून मागण्याचा त्यास अधिकार नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमानें तहसीलदारास बांधावरून वाट देण्याचा अधिकार आहे; पण तेथें विचार शेतकऱ्याच्या शेताकडे जाण्याच्या गरजेचा आहे, आणि वाट द्यावयाची ती शेतांच्या सीमेवरून. नांगर-बैल नेण्यासाठीं केलेल्या तरतुदीच्या खांद्यावर बसून तीन मजली इमारतीनें तलाव ओलांडावा, हें तें कलम लिहिणाऱ्यांच्या स्वप्नांतही आलें नसेल.

'पण आतां पैसा खर्च झाला, रस्ता झाला, लोक राहावयास आले. आतां काय करावयाचें?' हा दुसरा प्रश्न नेहमीं शेवटीं विचारला जातो. त्याचें उत्तर पंजाबांतील पतियाळा जिल्ह्याच्या एका गांवानें मिळवून ठेविलें आहे. तेथें गांवतळें बुजवून कांहीं लोकांनीं घरें बांधलीं. जिल्हाधिकाऱ्यानें पैसे भरून घेऊन जमीन त्यांच्या नांवें करावी असें ठरविलें. जगपाल सिंग प्रकरणांत २८ जानेवारी २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें साफ नाकारलें. पुष्कळ वर्षें ताबा आहे, पुष्कळ पैसा घातला आहे, किंवा वरपर्यंत ओळख आहे, यांपैकीं कोणतीही सबब चालणार नाहीं असें सांगून सर्व राज्यांस गांवाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याची आज्ञा केली. भूमिहीन मजूर व अनुसूचित जातीजमातींचे लोक, किंवा त्या जागेवर आधींच असलेली शाळा वा दवाखाना, एवढ्यांपुरताच अपवाद ठेविला. हा निकाल मराठींत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीस लावण्याजोगा आहे.

वाटेनें पाण्याचा गळा कसा आवळला जातो याचें एक उदाहरण समुद्रकांठचेंही आहे. नवी मुंबईंत नेरुळ येथें रोहित पक्ष्यांचें एक तळें भरतीच्या पाण्यावर जगतें. जवळच्या बोटींच्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यामुळें त्या पाण्याच्या वाटा बुजल्याची तक्रार झाली. तळें कोरडें पडत गेलें, व २०२४ सालीं तेथें रोहित पक्षी मेल्याच्या बातम्या आल्या. पुढें २०२५ त राज्य वन्यजीव मंडळानें त्या तळ्यास संवर्धन राखीव करण्यास मान्यता दिली. मुंबईजवळ वर्तमानपत्रें आहेत, छायाचित्रें काढणारे आहेत, म्हणून तें एवढ्यावर निभावलें. सालेकसा किंवा देवरी तालुक्यांतील एखादी बोडी मेली तर तिची बातमी कोण देणार?

एका गोष्टीविषयीं मात्र आम्ही सरकारास व आमच्या पुढाऱ्यांस स्पष्ट दोष देतों. इमारतवाल्याचा भराव निदान अतिक्रमण म्हणून ओळखतां तरी येतो. पण 'सुशोभीकरण' या गोड नांवाखालीं जें चालतें तें ओळखणेंही कठीण जातें. तलावाभोंवतीं सिमेंटची वाट, पाळीवर दिवे, उथळ कांठावर दगडी पायऱ्या, आणि मध्यें कारंजें! उद्घाटनास फिती कापल्या जातात, टाळ्या पडतात, व गवताचा उथळ कांठ गेला याची कोणास आठवणही राहत नाहीं. सरकारी सिमेंटनें कांठ बांधला कीं खासगी मुरमास नैतिक बळ येतें. 'त्यांनीं केलें तर चालतें, मग मींच काय पाप केलें?' या प्रश्नास तलाठी बिचारा काय उत्तर देणार! सारस दाखविण्यासाठीं सारसाच्या घरापर्यंत मोटारीचा रस्ता न्यावा, असेंही बोललेलें आम्हीं ऐकलें आहे.

मग उपाय कोणता? व्याख्या बदलून सिंचनाचे तलाव पुन्हां नियमांत घ्यावे, अशी मागणी झाली पाहिजे, यांत शंका नाहीं. २०१० च्या नियमांत मानवनिर्मित तलाव व्याख्येंत होते, तेव्हां ही मागणी अपूर्व नव्हे. परंतु दिल्लीची व्याख्या बदलेपर्यंत आमच्या हातांत कांहींच नाहीं, असें मात्र नाहीं. विदर्भांतील गांवांस एक जुनें शस्त्र वारशानें मिळालें आहे व तें कपाटांत गंजत पडलें आहे. महसूल संहितेच्या १६१ व्या कलमांतील निस्तारपत्रक व १६५ व्या कलमांतील वाजिब-उल-अर्ज हे ते कागद. गांवाच्या मोकळ्या जमिनीची व्यवस्था कशी राखावयाची तें निस्तारपत्रकांत लिहिलेलें असतें. आणि सरकारच्या ताब्यांत नसलेल्या जमिनींत व पाण्यांत पाणी घेण्याचा, जाण्यायेण्याचा व मासे धरण्याचा कोणाचा कोणता रिवाज आहे, तें वाजिब-उल-अर्जांत लिहिलेलें असतें. 'ही वाट पूर्वापारची आहे' असें कोणी म्हणूं लागला तर त्या वादाचा निकाल आवाज चढवून लावण्याचें कारण नाहीं. हे कागद काढावे, जुना गांवनकाशा शेजारीं मांडावा, आणि त्यांत ती वाट आहे कीं नाहीं तें पाहावें. जेथें ती नाहीं तेथें ग्रामसभेनें तसा ठराव लिहून घ्यावा व त्याची प्रत तहसीलदाराकडे, पाटबंधारे खात्याकडे व जिल्हा परिषदेकडे एकाच दिवशीं धाडावी, म्हणजे एकानें दुसऱ्याकडे बोट दाखविण्यास जागा राहणार नाहीं. हें काम मुरूम पडण्यापूर्वीं करावयाचें आहे. भराव झाल्यावर मोजणी मागणें म्हणजे धान कापून नेल्यावर राखण बसविणें होय.

डिसेंबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सर्व राज्यांस पाणथळ जागांची प्रत्यक्ष पाहणी व सीमा-आंखणी पुरी करण्यास सांगितलें. ही आंखणी करणारे लोक बाहेरचे असतात, बहुधा कोरड्या दिवसांत येतात, आणि तलाव भरला म्हणजे पाणी कोठवर चढतें हें त्यांस ठाऊक नसतें. गांवांतील म्हाताऱ्या माणसांस तें ठाऊक असतें. कोणत्या मोहाच्या बुंध्याशीं पाणी लागत असे, कोणत्या वर्षीं सांडवा फुटला, देवळाच्या कितव्या पायरीवर लाटा येत, हें त्यांच्या तोंडीं आहे, आणि तें त्यांच्याबरोबर जाणार आहे. आमच्या खेड्यापाड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांनीं यंदाच्या दिवाळीच्या सुटींत एवढें करावें: आपल्या गांवच्या तलावाची पाण्याची रेषा भरल्या तलावीं स्वतः चालून पाहावी, वडील माणसांस विचारून ती कागदावर काढावी, येव्याच्या वाटा व सांडवा त्यांत दाखवावा, आणि कोठें नवा भराव पडला असल्यास तारीख घालून त्याचीही खूण करावी. ते नकाशे शाळेंत आणून द्यावे. भूगोलाच्या खोलींत त्यांसाठीं एक पेटी ठेविली आहे.